साध्या भावात गेलेल्या ओळी

कारखान्यात तिला सगळे कात्री म्हणायचे, आणि तेही तोंडावर. कपडे शिवणाऱ्या कारखान्यात कात्री ही काही शिवी नव्हे, त्यामुळे तीही मनाला लावून घ्यायची नाही. तिच्याकडे खरेदी होती. कापड, धागा, बटणं, इलास्टिक, खोकी, सगळं तिच्या हातून यायचं. समोरच्याने भाव सांगितला की ती आधी काहीच बोलायची नाही, नुसती बघत राहायची. निम्मी माणसं त्या शांततेतच थोडी खाली यायची. उरलेल्यांना ती बोलून खाली आणायची. कटिंग मास्तर म्हणायचा, "बाई डॉक्टरकडे गेल्या तर ताप आणि फी, दोन्ही उतरवूनच बाहेर येतील."

कारखाना तान्ह्या मुलांचे कपडे करायचा. झबली, टोपडी, दुपटी. त्या वर्षी एका मोठ्या दुकानाने सेंद्रिय कापसाची झबली मागितली. कापूस घेऊन कापड बाहेर विणून घ्यायचं ठरलं. चौकशी केल्यावर शेतकऱ्यांच्या एका गटाकडून कापसाचा भाव आला, आणि तो वाचून मालक खुर्चीतून उठलेच.

"दीडपट? कापूस आहे का केशर?"

"केशर स्वस्त पडेल," मास्तर कापडावरची नजर न काढता म्हणाला.

मालक कात्रीकडे वळले. "तू जा. स्वतः बघून ये काय सोनं पिकवतात ते. आणि येताना भाव उतरवून आण. मला शेताचे फोटो नकोत."

कात्रीने बॅग भरली. कापूस तिने आयुष्यभर हाताळला होता, पण तो तागा होऊन आलेला. झाडावरचा कापूस तिने फक्त गाडीच्या काचेतून, लांबून पाहिलेला होता. याची तिला कधी खंतही वाटली नव्हती.

गटाचं काम एक बाई बघायची, आणि या मागणीचा कापूसही तिच्याच शेतातून जायचा होता. तिला सगळे थोरली म्हणत, कारण तिच्या लगतचंच शेत तिच्या धाकट्या भावाचं होतं आणि त्याला सगळे धाकटा म्हणत. वडिलांच्या मागे जमीन दोघांत सरळ मधोमध वाटली गेली होती. मध्ये एक बांध, बांधाच्या टोकाला दोन घरं, आणि दोन्ही घरांना मिळून एक अंगण. थोरली आधी शाळेत गणित शिकवायची. नवरा लांबच्या शहरात नोकरीला होता, महिन्या-दोन महिन्यांनी येऊन जायचा. शाळा सोडून ती शेतीत उतरली ती सेंद्रिय कापूस करायला. धाकटा मात्र सगळे करतात तसाच कापूस करायचा, खत घालून आणि औषध मारून.

कात्री पोचली तेव्हा संध्याकाळ झाली होती. जेवायला दोन्ही घरं एकत्रच बसली. धाकट्याला कोणी नवीन माणूस मिळालं की बोलायला हुरूप यायचा, आणि त्यात ही तर भाव विचारायला आलेली.

"मला विचारा ना," तो म्हणाला. "ही काय सांगणार? ही गणिताची बाई आहे, उत्तर सांगत नाही, तुम्हालाच काढायला लावते. माझं पीक हिच्या दीडपट. तण आलं, मारलं औषध, मोकळा. किडा आला, मारलं औषध, मोकळा. हिच्याकडे तण आलं की बायका लागतात खुरपायला. आणि किडा आला की बैठका होतात."

"बैठका? कुणाबरोबर?"

"किड्यांबरोबरच. काय घेणार, किती खाणार, कधी निघणार."

"किडे तुझ्यापेक्षा बरे," थोरली म्हणाली. "निदान ऐकून तरी घेतात. आणि औषधांचं बिल गिळलंस तू. ते सांग की त्यांना."

"ते आहेच," धाकटा जरा नरमला. "औषधाला लागतात पैसे. खताला लागतात. पण ताई, माझा कापूस स्वस्त का, माहितीये? कारण मला रात्री झोप लागते."

"खरंय," त्याची बायको म्हणाली. "घोरण्याचा खर्च तेवढा मला पडतो."

सगळे हसले. कात्रीही हसली, पण तिच्या डोक्यात आकडे बसत चालले होते. पीक कमी, मजुरी जास्त, पण औषध-खताचा खर्च नाही. म्हणजे फरक आहे, पण दीडपटीचा नाही. मध्ये कुठेतरी पाणी मुरतंय. तिने तसं सरळ बोलूनही दाखवलं.

थोरली चिडली नाही. "पहिली तीन वर्षं मी औषध बंद केलं, तरी कापूस साधा म्हणूनच विकावा लागला," ती म्हणाली. "जमिनीतून जुनं औषध निघून जायला तेवढा वेळ धरतात. पीक घटलेलं आणि भाव साधा. ते भरून यायचंय अजून. दर वर्षी तपासणी होते, तिची फी वेगळी. सरकी काढणारा जिनिंगवाला आमच्या मालासाठी मशीन वेगळं धुवून-पुसून लावतो, ते वेगळं. पण हे सगळं मांडूनही तुम्हाला दीडपट नाही दिसणार. सकाळी उजाडायच्या आत शेतात या. नंतर बोलू भावाचं."

आपला जम बसतोय असं कात्रीला वाटलं. दहावा हिस्सा तरी सुटेल, असा हिशोब करून ती झोपली.

सकाळी ती बाहेर आली तेव्हा आभाळ नुकतंच फिकं होत होतं आणि दंव इतकं पडलं होतं की चपला पायातून निसटत होत्या. थोरली पुढे, ती मागे. शेताच्या तोंडाशी थोरली थांबली आणि बाजूला झाली.

पहिल्यांदा कात्रीला कळेचना, काय बघायचं. पांढरी बोंडं फुटलेली होती, ती दिसत होती. मग सूर्याची कड वर आली आणि उजेड शेतावर आडवा पसरला, तशी जाळी दिसायला लागली. एका झाडावरून दुसऱ्या झाडावर, त्यावरून तिसऱ्यावर, कोळ्यांची जाळी. जिथवर नजर जाईल तिथवर, प्रत्येक ओळीत, प्रत्येक फांदीच्या बेचक्यात. प्रत्येक धाग्यावर दंवाचे थेंब ओवलेले. सगळं शेत एकाच कापडाचं असावं आणि ते कुणीतरी रात्रीतून विणून उन्हात वाळत घातलं असावं, असं. वाऱ्याची एक झुळूक आली आणि ते सगळंच्या सगळं एकदम हललं, एकदम चमकलं.

कात्रीने आयुष्यात हजारो तागे उलगडून पाहिले होते. तिचा हात आपोआप पुढे गेला, कापड चाचपायला जातो तसा, आणि मध्येच थांबला.

"हे सगळे..." ती म्हणाली आणि बोटाने ओळींमागून ओळी दाखवत राहिली.

"हे माझे रात्रपाळीचे," थोरली म्हणाली. "दिवसपाळीचे आता येतील."

ऊन चढलं तशी जाळी दिसेनाशी झाली आणि शेतात आवाज भरायला लागला. आधी बारीक, मग चांगलाच. माश्या, भुंगे, चतुर. पानाच्या मागे ठिपक्यांचे लाल ढालकिडे माव्याच्या वसाहतीत शिरून निवांत न्याहारी करत होते. शेताच्या मध्ये मध्ये मक्याच्या आणि सूर्यफुलाच्या ओळी होत्या, अळ्यांनी चाळण केलेल्या.

"हे तर वाया गेलं," कात्री म्हणाली.

"हे त्यांचंच आहे. इथे पोट भरलं की कापसाकडे कमी जातात. काही जातातच, त्यांचं काय करायचं ते कोळी बघतात."

"म्हणजे जमिनीचा एवढा तुकडा तुम्ही अळ्यांना दिलाय."

"भाड्याने समजा," थोरली हसली.

बायका वेचणीला आल्या. डोक्याला घट्ट फडकी बांधलेल्या, केस एकही बाहेर नाही. कापसात केस गेला तर पुढे कापडात दिसतो. कमरेला कापडाच्याच झोळ्या. प्लॅस्टिकचं पोतं या शेतात येऊ द्यायचं नाही, त्याचा एक धागा मिसळला तरी रंग चढताना डाग राहतो. हे कात्रीला माहीत होतं. असे डाग दाखवून तिने कितीतरी वेळा भाव पाडला होता. पण तो डाग पडू नये म्हणून कुठेतरी एवढ्या बायका उन्हात केस आवळून उभ्या असतात, हे तिने कधी मनात आणलं नव्हतं.

चालत चालत त्या बांधाशी आल्या. कात्री बांध ओलांडून सहज धाकट्याच्या बाजूला गेली आणि थबकली. तिला वाटलं, कानात दडे बसले. ती परत अलीकडे आली, आवाज होता. पलीकडे गेली, आवाज मागे राहिला. पीक मात्र पलीकडचं जास्त भरलेलं होतं, बोंडं मोठी, ओळी स्वच्छ, तणाची काडी नाही. धाकटा खोटं बोलला नव्हता.

"याच्यामुळेच मी सुरू केलं," थोरली म्हणाली. "एकदा आमच्याकडे फवारणी झाली होती. दुसऱ्या दिवशी मी शेतातून चालले होते आणि मला माझ्याच पावलांचा आवाज ऐकू यायला लागला. एवढं मोठं शेत, आणि आवाज फक्त माझा. घाबरलेच मी. बाकी काही मोठं कारण नाही."

बांधालगतच्या तिच्या आठ ओळी बायकांनी अजून वेचल्या नव्हत्या. कात्रीने विचारलं.

"त्या शेवटी. वेगळ्या वेचतो, वेगळ्या भरतो, आणि साध्या भावात देतो."

"का? औषध तर तुम्ही मारत नाही."

"मी नाही मारत. पण भावाकडून वाऱ्याने येतं थोडं. वारा काही आमचं वाटणीपत्र वाचून वाहत नाही. म्हणून कडेच्या ओळी सोडायच्या, तसा नियमच आहे."

कात्रीने त्या आठ ओळींकडे पाहिलं. शेताच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गेलेल्या, पांढऱ्याशुभ्र. तेच बी, तेच खुरपण, तेच कष्ट, आणि पीक साध्या भावात. काल रात्रीच्या तिच्या हिशोबात या ओळी नव्हत्या.

दुपार झाली. धाकट्याने उशिरा लावलेल्या तुकड्यावर पांढरी माशी पडली होती. तो ट्रॅक्टरला फवारा जोडून निघाला. निघण्याआधी त्याने बांधावर येऊन मूठभर माती हवेत सोडून बघितली. माती त्याच्याच शेतावर पडली. वारा थोरलीकडून त्याच्याकडे होता.

"जाऊ ना, ताई?" त्याने ओरडून विचारलं.

"जा," थोरलीने हात केला.

कात्री सावलीत बसून पाणी पीत होती. ट्रॅक्टर लांबून येताना दिसत होता. दोन्ही बाजूंना पसरलेले लांब हात, आणि मागे बारीक धुकं. तेवढ्यात तिच्या पदराचं टोक उडालं आणि तिच्याच तोंडावर आलं. तिला जाणवलं, वारा फिरलाय. तिने वर पाहिलं.

ते धुकं जागेवरून उठलं होतं. एखादा मोठा पडदा दोरीवरून सुटावा तसं ते सावकाश वर आलं, बांधावर क्षणभर रेंगाळलं आणि इकडे वळलं. ऊन त्यातून आरपार येत होतं आणि त्यात एक पुसटसं इंद्रधनुष्य उमटलं होतं. इतकं सुंदर, की कात्री ओरडायचं विसरून बघतच राहिली. ओरडल्या त्या वेचणाऱ्या बायका. तोंडाला फडकी लावून त्या झोळ्यांसकट पळाल्या. ट्रॅक्टर थांबला, फवारा बंद झाला, पण जे हवेत होतं ते आता कुणाचंच राहिलं नव्हतं. ते आठ ओळींवरून गेलं, आणखी पुढे आलं, थकल्यासारखं खाली खाली होत गेलं आणि फुटलेल्या बोंडांवर बसलं. मग काहीच नव्हतं. शेत होतं तसंच दिसत होतं, पांढरं आणि स्वस्थ.

धाकटा बांध ओलांडून पळत आला. घामाने भिजलेला, तोंडावरची पट्टी गळ्यात.

"ताई, वारा बघूनच... तूच बघितलंस ना? मी माती सोडून बघितली होती."

"बघितली होतीस. तुझी चूक नाही."

"थोडंच उडालं गं. काही कळणारपण नाही. उद्यापर्यंत उडून जाईल."

थोरली आधी बायकांकडे गेली, कुणाच्या डोळ्यांत-बिळ्यांत गेलंय का विचारलं, सगळ्यांना हातपाय-तोंड धुवायला घराकडे पिटाळलं. मग तिने एक जुनं लाल कापड आणलं, त्याच्या चिंध्या फाडल्या आणि आठव्या ओळीपाशी जाऊन उभी राहिली.

धाकट्याने कात्रीकडे पाहिलं. त्या सगळ्या शेतात बाहेरची म्हणावी अशी ती एकटीच होती, आणि तीच गिऱ्हाईक. त्याच्या डोळ्यांत काय होतं ते तिला नीट कळलं. तिला त्या दोघांचीही कणव आली. ती थोरलीजवळ गेली आणि हळू आवाजात म्हणाली, "ताई, मी काही पाहिलेलं नाही. आमच्याकडे मी बोलणार नाही. तुम्ही मनावर घेऊ नका."

तिने हे मनापासून म्हटलं होतं. आयुष्यात पहिल्यांदा ती विकणाऱ्याच्या बाजूने बोलली होती.

थोरली तिच्याकडे बघून हसली, अगदी मायेने. "तुम्ही नाही पाहिलं, बाई," ती म्हणाली. "पण मी पाहिलंय ना."

आणि ती ओळीत शिरली. पानं उलटून बघायची, वास घ्यायची, बोटाने पुसून बोट उन्हात धरायची. नववी ओळ. दहावी. प्रत्येक ओळीत लांबवर चालत जायची आणि परत यायची. कात्रीला वाटलं, बाराव्या-तेराव्या ओळीला थांबेल. तिथे तर वासही नव्हता. थोरली थांबली नाही. एका ठिकाणी तिला पानावर काहीच सापडलं नाही, पुढच्या ओळीत नाही, त्याच्या पुढच्यातही नाही. तरी ती आणखी पुढे गेली, आणि जिथे शंका घ्यायलासुद्धा जागा उरली नाही तिथे पोचल्यावर तिने झाडाला पहिली लाल चिंधी बांधली. मग त्या ओळीतून थेट शेवटपर्यंत बांधत गेली. वाकून, गाठ मारून, पुढे. वाकून, गाठ मारून, पुढे.

कात्री बांधावरून बघत होती. चिंध्यांची रांग लांबत चालली होती. शेताचा जवळजवळ तिसरा हिस्सा त्या लाल रेघेच्या अलीकडे पडला होता. फुटलेला, भरलेला, वेचायला आलेला कापूस. कुणी सांगितलं नव्हतं. बाहेरचं कुणी बघत नव्हतं. बघणारी जी होती तिने तर डोळे मिटायची तयारी दाखवली होती. आणि ही बाई आपल्याच हाताने आपलं सोनं साध्या भावात काढत होती, तेही फळ्यावरचं चुकलेलं उत्तर पुसून पुन्हा मांडावं इतक्या सहज.

शेवटची गाठ मारून थोरली आली. कंबर धरून बांधावर बसली. "तपासणीवाल्यांना फोन करते," ती म्हणाली. "ते ठरवतील, हा पट्टा एक वर्ष बाहेर ठेवायचा का तीन."

धाकटा जागचा हलला नव्हता. "तीन?" तो म्हणाला. "ताई, तुझी ती तीन वर्षं मी बघितलीयेत."

"मग आणखी बघ," ती म्हणाली. "उठ, तोंड धू. भूत दिसतोयस."

त्या संध्याकाळी अंगणात ताटं मांडली, पण धाकटा आला नाही. त्याची बायको म्हणाली, तो शेतातच बसलाय. जेवणं उरकत आली तेव्हा तो आला, चिखलाच्या पायांनी तसाच, हातात एक लाकडी खुंटी.

"ताई, पुढच्या हंगामापासून तुझ्या आठ ओळी तू सोडायच्या नाहीस."

"नियम आहे रे."

"नियम काय म्हणतो? मध्ये मोकळा पट्टा पाहिजे. तो तुझ्याच शेतातून का? औषध माझं आहे ना? मग पट्टा माझ्यातून काढायचा. मी खुंट्या ठोकून आलोय. आठ नाही, वीस ओळी. तेवढ्यात मी फवारणार नाही."

थोरली मान खाली घालून भाताची शितं गोळा करत होती.

"तुला तण आवरणार नाही," शेवटी ती म्हणाली.

"तू शिकव. शाळेत मला नापास केलं होतंस, आता तरी पास कर." मग त्याला एकदम आठवल्यासारखं झालं आणि तो कात्रीकडे वळला. "पण मी सेंद्रिय-बिंद्रिय होणार नाहीये हं. हे फक्त बांधापुरतं."

"हो हो," त्याची बायको त्याचं ताट वाढत म्हणाली. "किड्यांबरोबरच्या बैठकांना तुम्ही जायचं नाही, मी जाईन. तुम्हाला कुठे ऐकून घेता येतं?"

थोरली हसली आणि हसता हसताच तिने पदराने डोळे पुसले.

दोन दिवसांनी, औषधाचा असर ओसरल्यावर, सगळ्यांनी मिळून तो पट्टा वेचायला घेतला. धाकटा आपल्या माणसांना घेऊन आला. कात्रीची खरं तर परतायची गाडी होती, पण तीही डोक्याला फडकं बांधून उभी राहिली. वाळलेल्या बोंडाची टोकं सुईसारखी असतात हे तिला पहिल्या मुठीतच कळलं. बोटं ओरखडली, नखांत टोकं घुसली. कितीतरी वेळ ती वेचत होती आणि झोळी फुगत होती, फुगत होती, पण हातावर तोलून पाहिली तर वजनच नाही. शेजारची बाई दोन्ही हातांनी वेचत कधीच पुढे निघून गेली होती. कात्री मान वर करून त्या बाईच्या पाठीकडे बघत राहिली. एका झबल्यात असा किती कापूस जात असेल? तिने झबल्यांचा खर्च पैशापर्यंत काढला होता, पण हे तिला सांगता आलं नसतं.

निघताना थोरली म्हणाली, "भावाचं बोलायचं राहिलं की आपलं."

"राहू दे," कात्री म्हणाली.

कारखान्यात मालक वाटच बघत होते. "किती उतरवलास?"

"काहीच नाही. आणि माल तिसऱ्या हिश्श्याने कमी मिळेल."

शिलाई यंत्रं चालू होती, पण कटिंगच्या टेबलावरची मोठी कात्री थांबली. मास्तर मान वर करून बघायला लागला. मालकांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"तुला तिथे काय पाजलं?"

तिने सगळं सांगितलं. जाळ्यांचं सांगताना तिला नीट सांगता येईना, ती नुसते हात हवेत फिरवत राहिली. चिंध्यांचं मात्र तिने सविस्तर सांगितलं. मालक माणूस म्हणून वाईट नव्हते. ते ऐकत राहिले आणि मग म्हणाले, "बाई थोर आहे, मान्य. पण मला दुकानदाराला झबलं विकायचंय. त्याला मी थोरपणा विकू?"

"नका विकू. खर्च मी खाली आणते," कात्री म्हणाली. तिने टेबलावर झबल्याचा नमुना पसरला. "हा खिसा कशाला? तान्हं मूल खिशात काय ठेवणार? ही झालर काढा. गळ्याची दुहेरी पट्टी एकेरी करा. मास्तर, हे बाहीचे तुकडे उलटसुलट लावले तर कापड किती वाचेल?"

मास्तर जवळ आला. त्याने बाहीचे कागद फिरवून बघितले, पुन्हा फिरवून बघितले, ओठ पुढे काढले. "बरंच वाचेल."

"आणि हे चकचकीत खोकं. यातच एका बाहीचे पैसे जातात."

मालकांनी ते उघडंबोडकं झबलं उचलून उलटसुलट केलं. "या वर्षापुरतं," ते शेवटी म्हणाले. "पुढच्या वर्षाचं मी काही बोललेलो नाही."

"मीपण नाही विचारलेलं," ती म्हणाली. तिला वर्षा-वर्षाने मागायची तयारी होती.

हंगाम संपल्यावर माल जिनिंगला गेला. बोंडातून काढलेल्या कापसातली सरकी तिथे वेगळी होते आणि नुसती रुई उरते. कात्री ताबा घ्यायला गेली, तर थोरली आणि धाकटा गाडीबरोबर आलेले. इतकी वर्षं कापूस पाठवूनही थोरली दाराच्या आत कधी आलेली नव्हती.

आधी साधा कापूस चालला. त्यात धाकट्याचा होता आणि थोरलीचा तो तिसरा हिस्साही. मग मशीन थांबलं. एवढं मोठं गरगरणारं धूड गप्प झालं आणि माणसं ब्रश, फडकी, हवेच्या नळ्या घेऊन त्याच्या पोटात शिरली. दात्या-दात्यांतून, पट्ट्यांखालून, जाळ्यांच्या कोपऱ्यांतून ते जुनी रुई काढत होते. जिनिंगवाला घड्याळाकडे बघत उभा होता, पण कुणाला घाई कर म्हणत नव्हता. फरशीसुद्धा झाडून निघाली. थोरली दारात उभी राहून हे बघत होती. आपल्या कापसासाठी अनोळखी माणसं गुडघ्यांवर बसून फरशी पुसताहेत, हे तिला नवीन होतं. तिने नकळत चपला काढून दाराबाहेर ठेवल्या.

मग मशीन सुरू झालं. एका बाजूने सरकी गारांसारखी तडतडत पडायला लागली आणि दुसऱ्या बाजूने वरच्या चौकटीतून रुई उतरायला लागली. अखंड, सावकाश, आवाज न करता, पांढरी लाट खाली खाली येत होती आणि खोलीत साचत होती. उजेड तिच्यावर पडून परत येत होता, म्हणून सगळ्यांचे चेहरे खालून उजळले होते. धाकटा आ वासून बघत होता.

साध्या रुईचा ढीग मधल्या कठड्यापलीकडे होता. कात्रीने दोन्ही ढिगांत एकेक हात घातला. डावा हात साध्या ढिगात, उजवा सेंद्रिय ढिगात. तिची बोटं कापडातली एका धाग्याची चूक अंधारात ओळखायची. तिने डोळे मिटले, चिमटीत ताणून पाहिलं, गालाला लावून पाहिलं.

"काय कळतंय का?" थोरलीने विचारलं.

"काहीच नाही," कात्री म्हणाली. "दोन्ही सारखेच आहेत."

"सारखेच असणार," थोरली म्हणाली. "एकाच मातीतले आहेत."

कात्रीने दोन्ही हात पुन्हा कोपरापर्यंत रुईत घातले आणि ती तशीच उभी राहिली. वरून लाट उतरतच होती.